पत्रकाची मागची बाजू

हॅलिफॅक्स,
रविवार, ६ सप्टेंबर १९९८

चि. हेस्टर हीस,
एडविनमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा दुखतो, पण गुडघ्याला मी 'सर्व' मध्ये धरत नाही.

आधी कामाचे. येत्या आठवड्यात शेफील्डच्या घरी तुझ्या नावाने कौन्सिलचे घरपट्टीचे पाकीट येईल. घाबरू नकोस. ते मीच यायला लावले आहे. जुलैत तू पदवीधर झालीस, आपल्या घराण्यातली पहिली, आणि त्याचा मला किती आनंद आहे हे मी त्या दिवशी सांगितले आहेच. पण आनंद वेगळा आणि नियम वेगळा. माझ्या त्या घरात चौघे भाडेकरू आहेत. चौघेही पूर्ण वेळचे विद्यार्थी होते तोवर घराला कौन्सिल टॅक्स पूर्ण माफ होता. आता प्रूडन्स डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला, ग्विलिम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या आणि खालच्या खोलीतली आयोना संगीताच्या दुसऱ्या वर्षाला. कौन्सिल विद्यार्थ्यांना मोजत नाही. मोजण्याजोगी उरलीस तू एकटी. एकच माणूस मोजले गेले की करात पंचवीस टक्के सूट, आणि उरलेला कर त्या माणसाचा.

घराचा कर वर्षाला सहाशे पौंड. सूट जाऊन साडेचारशे. १६ जुलै ते ३१ मार्च हे २५९ दिवस, म्हणजे ३१९ पौंड ३२ पेन्स. ऑक्टोबरपासून सहा हप्ते, प्रत्येकी ५३ पौंड २२ पेन्स. गणित तपासून पाहा, चूक सापडणार नाही.

कौन्सिलच्या कचेरीने पाठवलेला फॉर्म मी स्वतः भरला, आणि कर देणारी व्यक्ती म्हणून तुझे नाव घातले. स्वयंपाकघरात मी कौन्सिलचे जे पत्रक प्लायवूडच्या फळीवर चिकटवून, वर वॉर्निशचे दोन हात देऊन लावले आहे, त्यात हा नियम तिसऱ्या परिच्छेदात आहे. भाची म्हणून मी तुला खोलीच्या भाड्यात आठवड्याला चार पौंड कमी लावतो. कायद्यात मात्र भाची हा शब्द नाही.

नव्या कामाचे कळव. बूट कोरडे ठेव.

तुझा, लोभ मोजून न करणारा,
एडविनमामा


शेफील्ड,
सोमवार, १४ सप्टेंबर

ती. एडविनमामांस,
हेस्टरचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट आलं. घाबरू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून आधी चहा टाकला आणि मग घाबरले. गणित तपासलं. चूक नाही.

काम मला फार आवडतं, मामा. नकाशांच्या दालनात जुन्या गिरण्यांच्या तळ्यांचे नकाशे उलगडायचे, त्यांना नंबर द्यायचे, फाटलेल्या कडांना पातळ कागद लावायचा. तुम्ही मला लहानपणी टेकडीवरच्या उंचीच्या रेषा वाचायला शिकवलंत ते आत्ता उपयोगी पडतंय. पगार मात्र अर्धवेळेचा, खोलीचं भाडं आणि पोट भागेल एवढाच. मार्चमध्ये तिथे एक कायमची जागा निघणार आहे. आमच्या मुख्य बाई मिसेस ट्विग म्हणतात की हजर असलेल्यालाच अशी जागा मिळते, बाहेरच्याला नाही. म्हणजे मला मार्चपर्यंत कसंही करून इथे टिकायचं आहे. नाही टिकले तर ग्रिम्स्बीला आईच्या मासळीच्या कारखान्यात पॅकिंगला जागा आहेच, आणि एकदा त्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहिलं की माणूस परत येत नाही हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको.

तरी हप्ते भरीन. नियम तो नियम. प्रू म्हणत होती की आपण चौघं वाटून घेऊ, पण मीच नको म्हटलं. तिचं स्वतःचं कर्ज एवढं आहे की ती पेशंट तपासताना आधी त्यांचे बूट किती महाग ते बघते असं ग्विलिम म्हणतो. ग्विलिमचा तुम्हाला नमस्कार. तो रोज टोस्ट भाजायच्या आधी तुमच्या वॉर्निशच्या फळीला सलाम करतो. चेष्टेनं नाही, असं तो म्हणतो. चेष्टेनंच करतो.

माळ्यावरची माझी खिडकी तुम्ही दुरुस्त केल्यापासून एका बोटानं उघडते.

गुडघ्याला जपा. माझ्यावरचं प्रेम उणं करू नका, त्यात पंचवीस टक्के सूट चालणार नाही.

तुमची,
हेस्टर


ग्रिम्स्बी,
रविवार, २७ सप्टेंबर

ती. दादास,
डोरीनचा सा. न. वि. वि.

कालच हेस्टर येऊन गेली. दोन दिवस राहिली, त्यात तीन वेळा ताट चाटून पुसून साफ केलं आणि भूक नव्हती म्हणाली. सायकल विकलीय. विचारलं तर म्हणते चालायला बरं वाटतं. शेफील्डच्या चढांवर चालायला बरं वाटतं म्हणणारी पोर एक तर वेडी किंवा कफल्लक. वेडी ती नाही.

दादा, मी तुझ्याशी भांडायला बसले नाही. तिचे वडील गेल्यावर तू काय केलंस ते मला कळतं. पण एक लिहून ठेवते: मला तिला इथे आणायचं नाहीय. लोक म्हणतात आईला लेक जवळ हवी असते. मी एकोणीस वर्षं हॅडक मासे सोलतेय, माझ्या हाताचा वास माझ्या उशीलासुद्धा येतो. तिने त्या पट्ट्यापाशी उभं राहू नये एवढ्यासाठी मी ती वर्षं काढली. आता महिन्याच्या त्रेपन्न पौंडांपायी ती परत यायची असेल तर त्या पदवीच्या फोटोला मी काय, खिळ्यावर टांगून बघत बसू?

तुला सोडता नाही का येणार? तुझं घर, तुझी भाची. तो हप्ता तूच भरलास आणि कौन्सिलला काय ते कळू दिलं नाहीस तर आभाळ कोसळणार आहे का?

फोन केला असता, पण घराबद्दलचं सगळं कागदावरच हवं हा तुझा नियम. तर घे कागद.

रागावलास तरी बहीण एकच आहे तुला,
डोरीन


हॅलिफॅक्स,
रविवार, ४ ऑक्टोबर

चि. डोरीन हीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. उत्तर देतो.

मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. जिने, खिडक्या, दारे यांचे जे काही मला येते ते मी सार्वजनिक वाचनालयातून शिकलो, आणि कायदाही तिथेच शिकलो. ते शेफील्डचे घर मी घेतले तेव्हा त्यात कबुतरे राहत होती. आज त्या घराइतकी चोख व्यवस्था त्या रस्त्यावर दुसरीकडे नाही. इतर घरमालक चार पोरांना एका कागदावर सह्या करायला लावतात आणि मग एक पळाला की उरलेल्या तिघांच्या मागे लागतात. माझ्याकडे प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करार, प्रत्येक दाराला स्वतंत्र कुलूप, आणि प्रत्येक कराराला सामानाची यादी, चमच्यांसकट. एकाचे दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. हे मी डोक्याने बसवले आहे, कुणा वकिलाने नाही.

असा माणूस फॉर्मवर एक लिहील आणि मागल्या दाराने दुसरे करील, हे तू कसे सुचवतेस? हप्ता हेस्टरचा आहे. तिचा भार मी लपूनछपून उचलला तर ती उद्या प्रत्येक नियमाला एक मामा शोधील.

मात्र मी दगड नाही. तिला झेपत नसेल तर एक सरळ वाट आहे. जानेवारीपासून एका विद्यार्थ्याला खोली हवी आहे, बरा मुलगा दिसतो, अक्षर नीट आहे. हेस्टरने खोली सोडली तर घरात पुन्हा सगळे विद्यार्थी, आणि कर पूर्ण माफ. तिने ३० नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावे, म्हणजे मला त्या मुलाला उत्तर देता येईल. मी तिला जा म्हणत नाही. पण राहायचे तर नियमाने.

ही गोष्ट मला सुखाची नाही, हे तुझ्यापाशी कबूल करतो. परवा एका दाराची चौकट मी उलटी बसवली. कधी केले नव्हते असे.

तुझा,
एडविनदादा


शेफील्ड,
रविवार, ११ ऑक्टोबर

ती. आईस,
हेस्टरचा शि. सा. न.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. वाचून झालं की टेबलाच्या खणात ठेव, आणि खणाला कुलूप नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्या शब्दावर ठेवते.

तो कर माझा नाहीच, आई. मामांचा आहे.

कसं कळलं ते सांगते. गेल्या महिन्यात, २२ तारखेला, ग्विलिम वाचनालयात गेला होता. तिथे दारापाशी कौन्सिलची पत्रकं ठेवलेली असतात. त्यातलं एक त्यानं सहज उचललं, आपल्या फळीवर आहे तेच. पण वाचनालयातल्याला मागची बाजू होती! मामांनी पत्रक फळीला चिकटवलं ना, तेव्हा मागची बाजू गोंदात गेली. आम्ही दोन वर्षं रोज त्याच्यासमोर टोस्ट खाल्ले आणि कागदाला दोन बाजू असतात हे कुणाच्या मनात आलं नाही. आणि मामांनी फॉर्म भरला तो त्या फळीवर जे होतं तेवढं वाचूनच.

मागे लिहिलं आहे की ज्या घरात प्रत्येक जण आपापल्या खोलीपुरता भाडेकरू असतो, अख्खं घर मिळून कुणी घेतलेलं नसतं, त्या घराचा कर घरमालकानं भरायचा. भाडेकरूनं नाही. मग तो भाडेकरू विद्यार्थी असो की पदवीधर. म्हणजे आम्ही चौघांनी मिळून एकाच कागदावर सह्या केल्या असत्या, बाकीच्या घरांत असतं तसं, तर कर माझा झाला असता. मामांनी चार वेगळे करार केले, चार कुलपं लावली, म्हणून तो त्यांचा झाला. ज्याचा त्यांना सगळ्यांत जास्त अभिमान, त्यानंच.

प्रू म्हणाली, मग लिहून टाक ना, अडलंय कुठे! ग्विलिम म्हणाला, मी पत्रक पाठवतो, मला काय, मी वेल्श माणूस, मला शिव्या कळत नाहीत. दोघांना मी हात जोडून गप्प केलं.

तुला क्रॅबट्री आठवतात ना? मामांचे जिवलग, दोघं दर शनिवारी बुद्धिबळ खेळायचे. त्यांनी एकदा मामांना सांगितलं की चर्चच्या हॉलचा जो जिना तू बांधलास त्यातली एक पायरी पाव इंचानं कमी आहे. मामांनी मोजलं, खरंच कमी होती. अख्खा जिना उतरवून स्वखर्चानं पुन्हा बांधला. आणि क्रॅबट्रींशी सहा वर्षं बोलले नाहीत. म्हणजे चूक त्यांनी सुधारली, चूक काढणारा मात्र त्यांना सोसला नाही.

तसंच होईल. मामा कर भरतील, पै न् पै भरतील. पण माझ्याशी बोलणं टाकतील. बाबा गेल्यावर मला शाळेच्या प्रत्येक परीक्षेला टोक केलेल्या दोन पेन्सिली टपालानं कुणी पाठवल्या? मी कर सोसू शकते गं, पण ते नाही सोसायचं.

तेव्हा असं ठरवलंय की जमेल तितके हप्ते भरायचे, आणि नाहीच जमलं तर मामांनी तुला लिहिलं तसं नोव्हेंबरात खोली सोडते म्हणून कळवायचं. पहिला हप्ता गेला. तुला काळजी वाटेल म्हणून सांगते, मी जेवते. आयोना रविवारी खूप सूप करते आणि तिला एकटीला संपत नाही असं दर रविवारी नव्यानं तिच्या लक्षात येतं.

मामांना सांगू नकोस. शपथ आहे.

तुझीच,
हेस्टर


ग्रिम्स्बी,
रविवार, १ नोव्हेंबर

ती. दादास,

सोबतचं पत्र वाच. तुझ्यासाठी नाही, म्हणूनच वाच. तीन आठवडे खणात ठेवलं, आणि त्या टेबलावर मला जेवण जाईना.

तिनं मला शपथ घातली होती ती मी मोडली. मुलीपाशी मी खोटी ठरले. तू खरा ठरून मला काय सुख देणार आहेस ते बघ.

पार्किन केक भाजलाय, वेगळ्या डब्यातून पाठवते. यंदा काकवी जास्त पडली, दाताला चिकटेल. बरंच आहे, तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील तुझं.

डोरीन


शेफील्ड,
रविवार, १५ नोव्हेंबर

ती. एडविनमामांस,
सा. न. वि. वि.

आपल्या करारातल्या कलम सहाप्रमाणे लेखी कळवते की मी माळ्यावरची खोली ३१ डिसेंबरला सोडते आहे. सामानाच्या यादीतल्या सगळ्या वस्तू तपासल्या. एक चमचा कमी होता, तो आयोनाच्या खोलीत सापडला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे कराचे हप्ते भरले आहेत, पावत्या सोबत.

मिसेस ट्विगना सांगितलं. त्यांनी मी अर्धवट ठेवलेला नकाशा गुंडाळून माझ्या खणात ठेवला आणि म्हणाल्या की डिसेंबर अजून संपलेला नाही.

महिनाभर तुमचं पत्र नाही. गुडघा कसा आहे?

खोली फार चांगली होती. जो येईल त्याला खिडकी एका बोटानं उघडते हे सांगाल.

तुमची,
हेस्टर


हॅलिफॅक्स,
रविवार, २२ नोव्हेंबर

चि. हेस्टर हीस,
एडविनमामाचे आशीर्वाद, नेहमीइतकेच.

तुझी नोटीस मिळाली. कलम सहा बरोबर आहे. पण तू कलम सात वाचलेले दिसत नाही: घरमालकाने सही करून पोच दिल्याशिवाय नोटीस लागू होत नाही. मी सही करणार नाही. कागद परत पाठवतो आहे, दुसऱ्या बाजूला नकाशा काढायला होईल.

तुझे आईला लिहिलेले पत्र मी वाचले. आईवर रागावू नकोस. तिला दोन माणसांपैकी एकाला दुखवायचे होते, तिने जाड कातडीचे निवडले.

पत्र वाचल्यावर मी पहिले काम केले ते वाचनालयात जाऊन पत्रक मागितले. मागची बाजू तिथेच उभ्याने वाचली. अकरा ओळी आहेत. मग घरी आलो आणि तुला पत्र लिहिले. ते फाडले. असे चार वेळा झाले. पहिल्या पत्रात मी माझी बाजू सिद्ध केली होती, आणि ती इतकी पटण्याजोगी उतरली होती की माझी मलाच भीती वाटली. दुसऱ्यात मी कौन्सिलच्या छपाईला दोष दिला होता. तिसऱ्यात ग्विलिमला. चौथ्यात फक्त चेक ठेवला, शब्द एकही नाही, आणि पाकीट बंद करताना लक्षात आले की तू जे होणार म्हणून लिहिले होतेस तेच मी करतो आहे.

मी बोलणे टाकीन असे तू लिहिलेस. ते वाक्य मी पुष्कळदा तपासले. त्यात चूक सापडली नाही. (क्रॅबट्रीशी मी सहा नव्हे, सात वर्षे बोललो नाही. तेवढी दुरुस्ती कर.) माझ्या धाकाने तू सायकल विकलीस, दोन हप्ते भरलेस आणि एका मुलीच्या सुपावर राहिलीस. पाव इंच कमी पायरीने माणूस पडतो म्हणून मी जिना उतरवला होता. इथे तू पडत होतीस आणि मी पायरी मोजायलाही वाकलो नाही.

गुरुवारी, १९ तारखेला, मी लीड्सला गाडी बदलून शेफील्डला आलो. कौन्सिलच्या कचेरीत नंबर घेऊन पन्नास मिनिटे उभा होतो. काउंटरवर सर्दी झालेली एक तरुण मुलगी होती. घरून निघताना मी बरेच काही पाठ केले होते, वाचनालय, वेगळे करार, कुलपे सगळे. तिच्यासमोर गेल्यावर एवढेच म्हणालो की हा फॉर्म मी चुकीचा भरला. ती म्हणाली, असे रोज येतात हो काका, इथे सही करा. आणि नाक पुसले. मला वाटले होते की काहीतरी होईल. काही झाले नाही.

आता व्यवस्था अशी. कर माझ्या नावावर. पंचवीस टक्के सूट कायम आहे. तू भरलेले १०६ पौंड ४४ पेन्स कौन्सिल तुला परत करील. करारात कराबद्दल मी अवाक्षर लिहिलेले नाही, त्यामुळे तो तुझ्याकडून भाड्यात वसूल करण्याचा मला अधिकार नाही, आणि असता तरी केला नसता. जानेवारीच्या मुलाला दुसरीकडची खोली सुचवली. माळा मार्चपर्यंत तुझा, आणि ती जागा मिळाली तर पुढेही. नाही मिळाली तरी पुढेही.

तिथून तुमच्या घरी गेलो. तू कामावर होतीस. प्रूडन्सने चहा दिला आणि माझा गुडघा न विचारता तपासला. ग्विलिम फळीसमोर उभा होता, मला पाहून त्याचा हात अर्ध्यावर थांबला. मी म्हणालो, पुरा कर. फळीशेजारी एक दुसरे पत्रक टाचणीने लटकवले आहे. उलटते. वॉर्निश नाही.

सर्व कागद बिनचूक झाल्याची खात्री केली आहे. तू विद्यार्थिनी नसल्याची तारीख १६ जुलै अशी पुन्हा सांगून आलो. त्या दिवशी पदवीदानाला मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, तेव्हा तारखेबद्दल शंका नाही.

मिसेस ट्विगना कळव. उद्याच कळव.

तुझा,
एडविनमामा


शेफील्ड,
रविवार, २९ नोव्हेंबर

ती. एडविनमामांस,
हेस्टरचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं, मग माळ्यावर जाऊन बसून वाचलं. मिसेस ट्विगना सोमवारी सकाळी दार उघडायच्या आतच सांगितलं. त्यांनी खणातून नकाशा काढून माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या की आता कडा नीट चिकटव, मध्यंतरी फार वाकड्या होत होत्या.

आईशी दोन दिवस रागावून पाहिलं. जमलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. हे पत्र मी बुधवारी लिहिलं, पाकीट बंद केलं, उघडलं, पुन्हा लिहिलं. प्रू म्हणाली, अगं आत्ताच कुठे गाडं रुळावर आलंय, गप्प बस. ग्विलिम म्हणाला, सव्वीस दिवसांनी कुणी मरत नाही. पण गप्प बसण्यानं काय होतं ते आपण दोघांनी या तीन महिन्यांत बघितलं, मामा.

तारीख चुकली आहे.

पदवीदान १६ जुलैला झालं, तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, सगळं खरं. पण कौन्सिल समारंभ बघत नाही. अभ्यासक्रम ज्या दिवशी संपतो त्या दिवशी विद्यार्थीपण संपतं. विद्यापीठानं मला दिलेल्या दाखल्यावर ती तारीख १९ जून आहे. काळा झगा घालून मी तुमच्यासोबत फोटो काढला तेव्हा मला विद्यार्थी असणं सोडून चार आठवडे होत आले होते. म्हणजे २० जून ते १५ जुलै, दोन्ही दिवस धरून सव्वीस दिवसांचा कर भरायचा राहिला आहे. बत्तीस पौंड पाच पेन्स. आणि तो तुमचा आहे, माझा नाही.

दाखल्याची प्रत सोबत आहे. दोन्ही बाजू काढून आणल्या. मागची कोरी आहे, तरी.

बत्तीस पौंड माझ्याकडे आहेत आणि द्यायची फार इच्छा होती. दिले नाहीत.

तुम्ही उत्तर लिहाल ना?

तुमची,
हेस्टर


हॅलिफॅक्स,
बुधवार, २ डिसेंबर

चि. हेस्टर हीस,
आ.

पत्र काल दुपारी आले. दाखला पाहिला. दिवस मोजले. सव्वीसच आहेत. तीनदा मोजले, कारण पंचवीस निघाले असते तर तुला कळवायला मला फार आवडले असते.

काल संध्याकाळी कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. आज आहे.

कौन्सिलला पत्र आणि बत्तीस पौंड पाच पेन्सचा चेक शुक्रवारच्या टपालाने जाईल. तुला दाखवल्याशिवाय आजच पाठवणार होतो, पण नको. मजकूर सोबत ठेवला आहे. वाच, आणि काही आढळल्यास टपालाची वाट पाहू नकोस, फोन कर. मी उद्या सात वाजेपर्यंत घरी आहे. आठपर्यंतही असेन.

एडविनमामा